‘कोणाला ओळखूं येणार आहे?’

सुशिक्षित मध्यम स्थितींतील कुटुंबांत अलीकडे एक नवें शहाणपण रूढ होत चाललें आहे. मुलीचें लग्न ठरतें. जांवयाला घड्याळ द्यावयाचें असतें. तें "चांगल्या कंपनीचें" असावें असें वरपक्षाकडून आडून आडून सुचविण्यांत आलेलें असतें. चांगली कंपनी म्हणजे रोलेक्स किंवा ओमेगा, निदान राडो, हें सांगावें लागत नाहीं. दुकानांतली किंमत ऐकून वधूपित्याचे डोळे पांढरे होतात, आणि नेमक्या त्याच वेळीं एकादा व्यवहारचतुर आप्त पुढें सरसावून म्हणतो, "अहो काका, एवढा पैसा कशाला घालवितां? फर्स्ट कॉपी घ्या. हुबेहूब तेंच. कोणाला ओळखूं येणार आहे?" बैठकींतील सर्वांना हा तोडगा पटतो, नव्हे, परदेशी कंपनीवर मात केल्याचा थोडासा आनंदही त्यांत असतो. दुधांत पाणी घालणाऱ्या गवळ्याला ज्या घरांत दुसऱ्या दिवशीं दार उघडत नाहींत, त्याच घरांत हें संभाषण होतें, आणि त्यांत कांहीं विपरीत घडत आहे असें कोणालाच वाटत नाहीं. या चार शब्दांच्या प्रश्नाचा समाचार घ्यावा एवढ्याचसाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे.

या शहाणपणाला विरोध करणारे लोक नाहींत असें नाहीं. पण त्यांची तऱ्हा न्यारी. ते म्हणतात, "ओळखूं येत नाहीं कसें? आम्ही ओळखून दाखवितों!" आणि मग सामुद्रिक सांगावें त्या थाटांत खऱ्या घड्याळाचीं लक्षणें सांगूं लागतात: कांटा असा चालावा, वजन इतकें असावें, कांच अशी असावी, पाठ तशी असावी. आम्हांस हे दोन्ही पक्ष एकाच नावेंत बसलेले दिसतात. एक म्हणतो, खरेंखोटें डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तें नाहींच. दुसरा म्हणतो, तें डोळ्यांना दिसतें, म्हणून तें आहे. खरेपणा म्हणजे वस्तूच्या अंगावरचा एकादा तीळ आहे ही समजूत दोघांनाही मान्य आहे, आणि ती समजूतच मुळांत चुकीची आहे.

आधीं लक्षणवाद्यांचा परामर्श घेऊं, कारण त्यांच्यावर विसंबून पुष्कळ भले लोक पैसे गमावून बसतात.

त्यांचें पहिलें आणि लाडकें लक्षण सेकंद-कांट्याचें. खऱ्या रोलेक्सचा सेकंद-कांटा टिकटिक करीत उड्या मारीत नाहीं, पाण्यासारखा संथ वाहतो, असें ते सांगतात. यांत तथ्य आहे तें इतकेंच: चावीच्या अथवा ऑटोमॅटिक घड्याळांत एक तोल-चाक सारखें हेलकावे खात असतें आणि त्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर कांटा कणभर पुढें सरकतो. हल्लींच्या रोलेक्सांत तासाला २८,८०० म्हणजे सेकंदाला ८ ठोके पडतात. तेव्हां कांटा वाहत नसून सेकंदांत आठ बारीक पावलें टाकीत असतो, डोळ्यांस तीं जोडलेलीं भासतात. सेलच्या घड्याळांत क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो, पण कांटा मात्र सेकंदाला एकच उडी घेतो. नकली घड्याळांत सेलचें स्वस्त यंत्र घालीत तोंवर हा नियम चालला. आतां नकली घड्याळांतही तोल-चाकाचें, तितकेच ठोके देणारें यंत्र असतें. त्याचा कांटाही तसाच वाहतो. उलट, १९४०-५० च्या सुमाराच्या बहुतेक अस्सल घड्याळांत तासाला १८,००० म्हणजे सेकंदाला पांचच ठोके पडत. आजोबांचें खरें ओमेगा आजच्या नकली घड्याळाशेजारीं ठेवलें, तर आजोबांचेंच अडखळत चाललेलें दिसेल. आणि कहर म्हणजे १९७७ पासून पुढें सुमारें पंचवीस वर्षें खुद्द रोलेक्स कंपनी ‘ऑयस्टरक्वार्ट्झ’ नांवाचें सेलचें घड्याळ करीत होती. त्याचा कांटा सेकंदाला एकच उडी घेतो. लक्षणवाद्यांच्या हातीं तें पडलें, तर कंपनीचेंच काम बनावट ठरवून ते मोकळे होतील.

दुसरें लक्षण वजनाचें: खरें घड्याळ हाताला जड लागतें. पोलाद, नीलमण्याची कृत्रिम कांच, चिनी मातीच्या जातीचें कडें, हे पदार्थ कांहीं स्वित्झर्लंडच्या डोंगरांतच उगवत नाहींत. बनावट करणाऱ्यालाही ते विकत मिळतात आणि तो ते घालतो. उलट २०२२ पासून रोलेक्सचींच टायटॅनियम धातूचीं घड्याळें निघालीं आहेत, तीं पोलादाहून पुष्कळ हलकीं. तिसरें लक्षण पाठीचें: रोलेक्सची पाठ कधीं कांचेची नसते, आंतलें यंत्र दिसत असेल तर माल खोटा. हें लक्षण तोंडपाठ करून लोक बसले, आणि २०२३ सालीं त्याच कंपनीनें ‘१९०८’ या नांवाचें घड्याळ कांचेच्या पाठीचें काढलें! तारखेवरील भिंग, कांचेवर सहाच्या आंकड्यापाशीं कोरलेला डोळ्यांना जेमतेम दिसणारा मुकुट, यांचीही तीच गत. हा मुकुट कंपनी या शतकाच्या आरंभापासून कोरूं लागली. तो आतां नकली कांचेवरही असतो, आणि त्यापूर्वींच्या अस्सल घड्याळावर तो नसतोच. म्हणजे अर्धवट माहितीच्या वारसाला वडिलांचें खरें घड्याळ खोटें वाटावें आणि बाजारांतलें खोटें खरें वाटावें, अशी या विद्येची फलश्रुति.

राहिलीं डबा आणि कागदपत्रें. ज्यास घड्याळ करतां येतें त्यास पुठ्ठ्याचा डबा करतां येत नाहीं काय?

लक्षणें अशीं निकामी होतात याचें कारण उघड आहे. कोणतीही युक्ति प्रसिद्ध झाली कीं तिचा सर्वांत आस्थेवाईक वाचक बनावट करणारा असतो. गिऱ्हाईक ती एकदां वाचून विसरतें. त्याचें पोटच तिच्यावर चालतें.

पण वाचकांपैकीं कोणी म्हणेल, सामान्य माणसाचें सोडा, तज्ज्ञाला तर कळेल? त्यासाठीं एकच हकीकत सांगतों, आणि ती जरा सविस्तर सांगतों, कारण तिच्यांत या विषयाचें सारें मर्म आहे. नोव्हेंबर २०२१ मध्यें जिनेव्हा येथें फिलिप्स या लिलावगृहाच्या विक्रींत ओमेगा कंपनीचें ‘स्पीडमास्टर’ जातीचें एक जुनें घड्याळ निघालें. ही जात १९५७ सालीं प्रथम निघाली आणि पुढें चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांच्या मनगटांवर ती होती म्हणून जगप्रसिद्ध झाली. विक्रीस आलेला नमुना अगदीं पहिल्या तुकडींतला, तबकडीचा काळा रंग काळानें तपकिरी झालेला. त्यास ३१ लक्ष स्विस फ्रँकांहून अधिक किंमत आली. घेणारा कोण, तर खुद्द ओमेगा कंपनी. आपल्या संग्रहालयासाठीं तिनें तें घेतलें. पुढें २०२३ सालीं कंपनीनेंच जाहीर केलें कीं तें घड्याळ एकसंध मूळचें नसून निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून बनविलेलें आहे, आणि या कारस्थानांत कंपनीच्या तीन माजी नोकरांचा हात होता असा आरोपही तिनें केला. ज्यांनीं तें घड्याळ जन्मास घातलें, ज्यांच्या दप्तरांत त्याच्या नोंदी, त्यांच्याच घरीं हा प्रकार! येथें डोळे कमी पडले, भिंगें कमी पडलीं असें कोण म्हणेल? कमी पडला तो विश्वास. ज्याच्या शब्दावर विसंबावयाचें त्याचा शब्दच खोटा होता, असा कंपनीच्या म्हणण्याचा अर्थ.

यावरून खरेपणा कशांत असतो हें पाहूं. तो यंत्रांत आहे काय? नाहीं. यंत्राची नक्कल करणें हा सर्व वेळीं गुन्हाही नव्हे. ईटीए या स्विस कारखान्याचें २८२४ क्रमांकाचें यंत्र शेंकडों निरनिराळ्या नांवांच्या घड्याळांत बसविलेलें आहे. त्याचे हक्क संपल्यावर सेलिटा या दुसऱ्या स्विस कारखान्यानें त्याच घडणीचें यंत्र स्वतःच्या नांवानें काढलें, चिनी कारखान्यांनींही काढलें. तीं उजळ माथ्यानें विकलीं जातात आणि त्यांत कोणी कोणाला फसविलेलें नाहीं. बरें, तो देशांत आहे काय? ‘स्विस मेड’ हे शब्द पाहून आपल्याकडील लोक हात जोडतात. पण त्या शब्दांचा कायदेशीर अर्थ इतकाच कीं, १ जानेवारी २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणें निर्मितीच्या खर्चापैकीं निदान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडांत झालेला असावा, यंत्र स्विस असावें, तें तेथेंच कवचांत बसविलेलें असावें आणि अखेरची तपासणी तेथें झालेली असावी. उरलेल्या ४० टक्क्यांचा जन्म कोठेंही होऊं शकतो. तेव्हां धातूंत, यंत्रांत, देशांत खरेपणा शोधीत गेलें तर तो बोटांतून निसटतो.

तो असतो तबकडीवरील नांवांत, आणि नांव हें चित्र नसून वाक्य आहे. "मला अमक्यानें केलें, आणि माझ्याविषयीं तो जबाबदार आहे," असें तें वाक्य आहे. हें वाक्य सत्य असेल तर घड्याळ खरें, मग तें दिवसाला दोन मिनिटें मागें पडो; असत्य असेल तर खोटें, मग त्याचें यंत्र सूर्याशीं स्पर्धा करो. खोट्या घड्याळांतलें खोटें एवढेंच, आणि एवढें पुरे आहे. कोऱ्या तबकडीचें तेंच घड्याळ कोणी विकलें असतें, तर आम्ही त्याची कारागिरी म्हणून प्रशंसाही केली असती.

आतां "कोणाला ओळखूं येणार आहे?" या प्रश्नाकडे वळूं. दस्तऐवजावर दुसऱ्याची सही करणारा मनुष्य कोर्टांत उभा राहून "सही इतकी हुबेहूब आहे कीं कोणाला ओळखूं येणार नाहीं" असा बचाव करूं लागला, तर न्यायाधीश काय म्हणेल? नकल जितकी उत्तम तितका अपराध मोठा, हें सहीच्या आणि नाण्याच्या बाबतींत आपणां सर्वांस कळतें. घड्याळाच्या बाबतींत मात्र नकलेची उत्तमता हाच तिचा समर्थनाचा मुद्दा होऊन बसतो. फर्स्ट कॉपी, सेकंड कॉपी असे जे दर्जे बाजारानें लावले आहेत ते पाहावे. चोरीचे हे वर्ग इतक्या शांतपणें लावलेले दुसऱ्या कोणत्या व्यापारांत आढळतील?

कोणी म्हणतो, "वेळ तर तीच दाखवितें ना?" दाखवितें, आणि हाच त्याच्या विरुद्ध पुरावा आहे. वेळच हवी असती तर दीड-दोन हजार रुपयांचें टायटनचें किंवा कॅसिओचें सेलचें घड्याळ ती अधिक बिनचूक दाखवितें. स्वित्झर्लंडमधील अधिकृत परीक्षण-संस्था ज्या चावीच्या घड्याळांस प्रमाणपत्र देते, त्यांच्या यंत्रांना दिवसाला ४ सेकंद मागें ते ६ सेकंद पुढें एवढी सूट असते. साधें सेलचें घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदांच्या आंतबाहेर चुकतें. लक्षावधि रुपयांच्या घड्याळाहून हजार रुपयांचें घड्याळ नियमित असतें, ही गोष्ट १९६९ च्या नाताळांत जपानच्या सैको कंपनीनें पहिलें क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ विक्रीस काढल्यापासून जगजाहीर आहे. म्हणजे नकली रोलेक्स घेणाऱ्यानें वेळेसाठीं पैसे दिलेले नाहींत, कारागिरीसाठीं दिलेले नाहींत. त्यानें दिले ते केवळ त्या खोट्या वाक्यासाठीं. तेवढें एक वाक्य पुसून टाकलें, तर तो त्या घड्याळाला हातही लावणार नाहीं.

याहून वजनदार असा एक आक्षेप आहे आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आक्षेपक म्हणतो, "या कंपन्या तरी कोठें साव आहेत? पोलादाच्या तुकड्याला लाखों रुपये घेतात, दुकानांत माल नाहीं म्हणून वर्षानुवर्षें गिऱ्हाइकाला रखडवितात, घड्याळ म्हणजे गुंतवणूक असा समज पसरूं देतात. त्यांना कोणी नागविलें तर बिघडलें काय?" यांतील निम्में आम्हांस मान्य आहे. घड्याळ ही गुंतवणूक आहे या समजावर ज्यांनीं २०२२ च्या आरंभीं चढ्या भावानें जुनीं घड्याळें घेतलीं, त्यांना पुढच्या एक-दोन वर्षांत भाव खालीं आलेले पाहावे लागले. इतकेंच नव्हे, तर आक्षेपकाच्या पदरांत आम्ही आणखी पुरावा घालतों. अठराव्या शतकांत लंडनच्या घड्याळजींचा लौकिक मोठा होता, तेव्हां जिनेव्हा व आसपासच्या मुलखांत केलेल्या घड्याळांवर ‘लंडन’ हा शब्द आणि इंग्रजी वाटणारीं खोटीं नांवें कोरून तीं युरोपभर विकलीं जात. पॅरिसचा थोर कारागीर ब्रेगे, जो स्वतः जन्मानें नॅशातेलचा, त्याच्या नांवाच्या नकला इतक्या झाल्या कीं १७९५ च्या सुमारास तबकडीवर तिरप्या उजेडांतच दिसेल अशी सूक्ष्म गुप्त सही कोरण्याची युक्ति त्याला काढावी लागली. अमेरिकेंत वॉल्थॅम आणि एल्जिन येथील यंत्रानें केलेल्या घड्याळांचा बोलबाला झाला, तेव्हां त्या नांवांशीं मिळतींजुळतीं नांवें घातलेलीं हलकीं स्विस घड्याळें त्या देशांत लोटलीं. आज जे बनावटीविरुद्ध जगभर ओरड करतात, त्यांच्या पणज्यांचा धंदा हा होता.

पण पुढें काय झालें? १८७६ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनास लाँजिन कारखान्याचा इंजिनियर झाक दाविद गेला, अमेरिकन कारखाने पाहून आला, आणि त्यानें आपल्या लोकांस परखड अहवाल लिहिला कीं अमेरिकन आपल्या पुष्कळ पुढें गेले आहेत आणि आपण काम सुधारलें नाहीं तर बुडूं. १८७९ सालीं त्या देशानें व्यापारी चिन्हांच्या रक्षणाचा कायदा केला. कारखाने सुधारले, माल सुधारला, आणि नांवें मोठीं झालीं तीं त्यानंतर. दुसऱ्याचें नांव लावून कोणाचा लौकिक झाला असें इतिहास सांगत नाहीं. तेव्हां त्यांच्या पणज्यांचें अनुकरण करावयाचें तर त्यांनीं तो धंदा सोडल्याचेंही करावें. कंपनी लुबाडते हें खरें असेल तर तिचें घड्याळ घेऊं नये. इतका सोपा सूड हातीं असतांना तिचें नांव मात्र मिरवावयाचें, हा कंपनीचा निषेध नसून तिची भक्तीच आहे.

आणि नागविली जाते ती कंपनी, ही समजूत तरी कितपत खरी? नकली घेणारा मनुष्य खरें घेणारच नव्हता. कंपनीचें त्यांत फारसें गेलें नाहीं असें आपण घटकाभर धरून चालूं. जातें तें पुढच्याचें. घड्याळ ही वस्तु एका हातांत राहत नाहीं. आज "सर्वांना ठाऊक आहे" म्हणून थट्टेनें घेतलेली नकल वीस वर्षांनीं कपाटांत सांपडते, तेव्हां ती थट्टा सांगणारा कोणी उरलेला नसतो. मुलगा ती बापाची ठेव समजून जपतो. सुनेला अडचणींत विकावीशी वाटते. आणि दुकानदार पाठीचें झाकण उघडून डोळ्याला भिंग लावतो व हांसतो. खोटें वाक्य एकदां बोललें कीं तें पुढें आपोआप बोललें जात राहतें, आणि त्याचा फटका ज्यानें तें ऐकलें नव्हतें त्यालाच बसतो.

या बाबतींत मुंबईचें नांव तर जगभर झालें आहे, आणि तें कशासाठीं हें आपल्या वाचकांस बहुधा ठाऊक नसेल. जुन्या घड्याळांच्या परदेशी शौकिनांत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. त्याचा अर्थ: जुनें, झिजलेलें यंत्र, कोणाचें तरी कवच, आणि त्यावर खरवडून नव्यानें रंगविलेली भडक तबकडी, जिच्यावर एकादें नामांकित स्विस किंवा जपानी नांव. अक्षरें जाड, रेषा कांठाला वांकड्या, कधीं स्पेलिंगच चुकलेलें, आणि कंपनीनें कधींही न काढलेले रंग. ज्या शहराचा घड्याळांशीं संबंध फार जुना आणि मानाचा आहे, त्याच्या नांवाला हें चिकटावें याचें वैषम्य वाटतें. फाव्र-ल्यूबा या स्विस पेढीनें १८६५ पासून मुंबईशीं व्यापार मांडला. वेस्ट एंड वॉच कंपनीची पेढी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथेंच उभी राहिली, आणि तिचीं घड्याळें कोंकणापासून इराणच्या आखातापर्यंत लोकांनीं विश्वासानें बांधलीं. किती घरांत आजही आजोबांचें ‘फेवर लुबा’ असा उच्चार ऐकूं येतो!

येथें एक गोष्ट मात्र न्यायाची म्हणून सांगितली पाहिजे. तबकडी पुन्हां रंगविलेली दिसली कीं सारें घड्याळच बनावट, असें म्हणणें हा दुसऱ्या टोंकाचा अन्याय होय. आपल्याकडील पावसाळ्यांत तबकडीवर बुरशी येते, डाग पडतात; पूर्वीं लोक घड्याळ दुरुस्तीस देत तेव्हां "डायल नवी करून द्या" असें स्वतःच सांगत, आणि घड्याळजी ती इमानानें करून देई. स्वित्झर्लंडांतही हें चाले. त्यांत कोणी कोणाला फसवीत नव्हता. तेंच घड्याळ आज "मूळचें, अस्पर्श" म्हणून विकावयास ठेवलें कीं मग फसवणूक सुरू होते. तबकडी तीच, वाक्य बदललें. जुन्या घड्याळांच्या बाजारांत किंमत पुष्कळ वेळां तबकडीचीच असते: अमेरिकन नट पॉल न्यूमन याचें रोलेक्स डेटोना २०१७ सालीं न्यूयॉर्क येथें १ कोटि ७७ लक्ष डॉलरांस गेलें, आणि त्याच्यासारख्या वेगळ्या नक्षीच्या तबकडीच्या डेटोनास साध्या तबकडीच्या डेटोनाच्या कित्येक पट भाव येतो. मग तबकड्याच बनावट होऊं लागल्या यांत नवल काय?

तर मग ज्याला खरोखरच घ्यावयाचें आहे त्यानें करावें काय, असा प्रश्न रास्त आहे. नवें घ्यावयाचें तर कंपनीच्या अधिकृत दुकानांतून, पक्क्या बिलावर; सवलत फार दिसली तर परत फिरावें. जुनें घ्यावयाचें तर झाकण उघडून दाखविण्यास जो विक्रेता कांकूं करील त्याला तेथेंच रामराम करावा. रोलेक्सचा क्रमांक पूर्वीं पट्ट्याच्या जोडापाशीं, कवचाच्या बाजूस असे. या शतकाच्या पहिल्या दशकापासून तो कांचेखालच्या आंतल्या कड्यावर कोरलेला असतो. तो क्रमांक, घड्याळाची जात आणि आंतलें यंत्र हीं तिन्ही एकाच काळाचीं आहेत कीं नाहींत हें आपल्या ओळखीच्या घड्याळजीकडून पाहून घ्यावें. पाटेक फिलिपसारखी कंपनी आपल्या दप्तरांतील नोंदीचा उतारा शुल्क घेऊन देते, तो मागवावा. पण या सर्वांहून महत्त्वाचें तें हें कीं घड्याळापूर्वीं विकणाऱ्याची पारख करावी: तो उद्यां याच पत्त्यावर सांपडेल काय, लिहून देईल काय, खोटें निघाल्यास परत घेईल काय? ज्या शहरांत तीन पिढ्या दुकान चालविणारा घड्याळजी अजून आहे, तेथील लोकांनीं त्याला सोडून मोबाईलवर फोटो पाहून घड्याळ घ्यावें, याला आम्ही काय म्हणावें?

कायद्याविषयीं फार लिहीत नाहीं. खोटें व्यापारी चिन्ह लावणें व तसा माल विकणें याला आपल्याकडील १९९९ च्या कायद्यानें सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लक्षांपर्यंत दंड आहे; स्वतःच्या वापरासाठीं घेणारा त्यांतून सुटतो. फ्रान्स आणि इटली येथें घेणाराही सुटत नाहीं, हें परदेशवारींत मनगटावर नकल मिरविणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

पण लग्नाच्या बैठकींतील त्या घड्याळाला आणखी एक कायदा लागू आहे आणि त्याची आठवण कोणी काढीत नाहीं. मागून घेतलेलें घड्याळ, मग तें कितीही आडून मागितलेलें असो, १९६१ च्या कायद्याप्रमाणें हुंडाच आहे. वरपक्ष नांव मागतो, वधूपक्ष नकली नांव देतो, आणि दोघेही समारंभांत फोटोसाठीं मनगट पुढें करतात. जांवईबापूंनीं पुढें केव्हां तरी तें साफ करण्यासाठीं कंपनीच्या दुरुस्तिकेंद्रांत नेलें कीं तेथील मनुष्य तें हातांतही न घेतां परत करतो, आणि त्या संध्याकाळीं मुलीला काय ऐकावें लागतें तें फर्स्ट कॉपीची शिफारस करणाऱ्या आप्ताला ऐकूं जात नाहीं. वधूपित्यापुढें दोनच मार्ग होते असें नाहीं. "आमच्या ऐपतीप्रमाणें टायटनचें घड्याळ देऊं, आणि तें टायटनचेंच असेल," असें तो म्हणूं शकत होता. जें स्थळ एवढ्यावरून मोडेल तें मोडूं द्यावें, हें लिहिणें सोपें आणि करणें कठीण आहे याची आम्हांस जाणीव आहे. तरी तें लिहितों.

शेवटीं, या रोगाची मजल कोठवर गेली आहे त्याचें एक उदाहरण. बंगलोरच्या एचएमटी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ मध्यें घड्याळें करावयास आरंभ केला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’, ‘सोना’ हीं नांवें आपल्या पिढ्यांना पाठ आहेत. पहिल्या पगारांतून घेतलेलें, परीक्षेंत पास झाल्याबद्दल मिळालेलें घड्याळ तें हेंच. त्यावर नांव मिरविण्यासारखें कांहीं नव्हतें. चावी द्यावी, वेळ पाहावी. जानेवारी २०१६ मध्यें एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें घेतला, जुन्या घड्याळांना मागणी आली, आणि पाठोपाठ त्यांच्याही नकला निघाल्या. काळ्या तबकडीचें ‘पायलट’ आतां तांबड्या, जांभळ्या, पोपटी तबकड्यांचें मिळतें. ज्यांच्या घरीं वडिलांचें ‘जनता’ किंवा ‘पायलट’ असेल, त्यांनीं तें जवळच्या घड्याळजीकडून तेलपाणी करून घ्यावें, हवा तर पट्टा नवा घालावा. डाग पडलेल्या तबकडीला मात्र हात लावूं देऊं नये.